अनोळखी महानायक आणि त्याचा चित्रपट



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्ही ॲरिस्टॉटलवर इतकं बोलता, सुपरहीरोंच्या सिनेमांवर कधी बोलणार?" मी चिडेन असं त्याला वाटलं असावं. मी चिडलो नाही, कारण त्याने लगेच पुढे जो प्रश्न विचारला तो चांगला होता. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडर-मॅन यांचं ठीक आहे, ते सगळ्यांना माहीत आहेत. पण कॉमिक्समधले जे दुय्यम, कोपऱ्यातले, फारसे कुणाला ठाऊक नसलेले नायक आहेत, ते स्वतःच्या नावावर अख्खा चित्रपट पेलू शकतात का? मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी ये. आला असेल तर त्याने हात वर करू नये, नाहीतर सगळे त्याच्याकडेच बघत बसतील. (हशा)

तर आधी त्या 'फारसे कुणाला ठाऊक नसलेले' या शब्दांकडे बघू. कुणाला? माझ्या पिढीतल्या लोकांना मी विचारतो. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पुढे ते मराठीतही येऊ लागलं. त्यातला वेताळ आम्हाला घरच्यासारखा होता. कवटीची गुहा, हनुवटीवर उमटणारी कवटीची खूण, डेंकालीचं जंगल, हे सगळं आम्हाला तोंडपाठ होतं. बॅटमॅन नावाचा कुणी आहे हे मला फार उशिरा कळलं. वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम, जन्म १९३६. ऑस्ट्रेलियात आणि स्वीडनमध्येही त्याची मासिकं दशकानुदशकं चालली. पण त्याच्या मायदेशात, अमेरिकेत, १९९६ साली बिली झेनला घेऊन त्याच्यावर चित्रपट काढला तेव्हा तिथे त्याला जेमतेम पावणेदोन कोटी डॉलर मिळाले. म्हणजे बुलढाण्याच्या वाचनालयात जो प्रख्यात होता तो ओहायोच्या थिएटरात अनोळखी ठरला. तेव्हा 'अल्पपरिचित' हा त्या नायकाच्या अंगचा गुण नाही. उंची किंवा वजन जसं माणसाचं असतं तशी प्रसिद्धी त्याची नसते. ती त्याच्यात आणि बघणाऱ्यात असलेला संबंध असते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे एका कंपनीने नेमकी इथेच चूक केली असं मी म्हणणार आहे.

आता तुम्हाला वाटेल हा प्रश्न हॉलिवूडचा आहे. नाही. फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'च्या नवव्या प्रकरणात तो सोडवून ठेवला आहे. शोकांतिका लिहिणारे लोक इतिहास-पुराणातल्या ओळखीच्या नावांना चिकटून राहतात. का, तर जे एकदा घडलं असं लोक मानतात ते त्यांना सहज पटतं. पण तो तिथेच थांबत नाही. तो सांगतो की अगाथॉनच्या एका नाटकात घटनाही बनवलेल्या होत्या आणि नावंही बनवलेली होती, तरी लोकांना आनंद काही कमी मिळाला नाही. ते नाटक आज उपलब्ध नाही, ही दुःखाची गोष्ट. आणि त्यावर त्याची एक बारीकशी टिप्पणी आहे, जी मला फार आवडते: ज्या कथा आपण ओळखीच्या म्हणतो त्यासुद्धा थोड्यांनाच माहीत असतात, आणि तरीही त्या सगळ्यांना आवडतात. म्हणजे ओळख हा आनंदाचा खरा उगम नाहीच.

आपल्याकडे धनंजयाने 'दशरूपका'त कथावस्तूचे तीन प्रकार सांगितले: प्रख्यात, उत्पाद्य आणि मिश्र. नाटकाला प्रख्यात वस्तू लागते. राम, दुष्यंत, उदयन. प्रकरणाला उत्पाद्य, म्हणजे कवीने आपल्या डोक्यातून काढलेली. आणि प्रकरणाचा नायक राजा नसतो. तो अमात्य असेल, ब्राह्मण असेल, व्यापारी असेल. 'मृच्छकटिक' घ्या. चारुदत्त कोण, हे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. (भासाचं 'चारुदत्त' आहे, मला माहीत आहे, जाणकारांनी अस्वस्थ होऊ नये.) मग शूद्रक काय करतो? चारुदत्ताची ओळख तो वंशावळीने करून देत नाही. घरात चोरी होते, दुसऱ्याची ठेव जाते, आणि या माणसाला आधी बरं वाटतं की चोर बिचारा रिकाम्या हाताने गेला नाही. झालं. एवढ्या एका प्रतिक्रियेत तो माणूस आपल्याला जन्मभराचा ओळखीचा होतो.

माझं म्हणणं असं की अल्पपरिचित महानायकाचा चित्रपट हे प्रकरण आहे. तो नाटकाच्या नियमांनी करायला गेलात की पडतो.

प्रसिद्धीचा उपयोग काय असतो ते आधी प्रामाणिकपणे मान्य करू. प्रसिद्ध नायक वेळ वाचवतो. २०१७ च्या 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'मध्ये काका बेन दाखवलेलाच नाही, कारण तो कसा मेला हे अख्ख्या जगाला पाठ आहे. अनोळखी नायकाला ही सवलत नाही. त्याला शून्यातून सुरुवात. पण प्रसिद्धीची किंमतही असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. प्रसिद्ध माणूस मरू शकत नाही. फार बदलू शकत नाही. २०१६ साली 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' सुरू झाला तेव्हा पुन्हा ती गल्ली, पुन्हा तो पिस्तूलवाला, पुन्हा आईच्या गळ्यातले ते मोती. आरतीला उभं राहिल्यासारखं वाटतं. आरतीचं एक महत्त्व आहेच, पण आरतीत पुढे काय होणार ही उत्कंठा नसते.

अनोळखी नायकाकडे ती असते. हेच त्याचं भांडवल.

याचं पहिलं मोठं उदाहरण म्हणजे 'ब्लेड', १९९८. ब्लेड हे पात्र मार्व्ह वुल्फमन आणि जीन कोलन यांनी १९७३ साली ड्रॅक्युलाच्या एका मासिकात आणलं, तेही ड्रॅक्युलाच्या मागे लागलेल्या शिकाऱ्यांपैकी एक म्हणून. चित्रपट आला तेव्हा मार्व्हल कंपनीची काय अवस्था होती? १९९६ च्या डिसेंबरात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. म्हणजे पाठीशी कुठलाही झेंडा नाही, नायकाचं नाव नाही, आणि अनेक प्रेक्षकांना तर हा कॉमिक्समधला माणूस आहे याचाही पत्ता नव्हता. साडेचार कोटी डॉलर खर्च, तेरा कोटींच्या आसपास गल्ला. 'एक्स-मेन' आणि 'स्पायडर-मॅन' पडद्यावर यायच्या आधीची ही गोष्ट आहे. वेस्ली स्नाइप्सने त्या माणसाला एक वजन दिलं, एक चाल दिली, आणि कथेने त्याला एक खरा पेच दिला: ज्यांना तो मारतो त्यांचंच रक्त त्याच्यात निम्मं आहे. एवढं पुरलं. कुणी विचारलं नाही, हा कोण.

नंतरची एक गोष्ट मला फार गमतीची वाटते. २००५ साली मार्व्हलने स्वतः चित्रपट काढायचं ठरवलं. पैसे नव्हते. स्पायडर-मॅन सोनीकडे गेलेला, एक्स-मेन आणि फँटास्टिक फोर फॉक्सकडे. घरातलं सोनं आधीच सावकाराकडे, अशी गत. मग उरलेल्या दहा नावांचे चित्रपट-हक्क तारण ठेवून मेरिल लिंच या वित्तसंस्थेमार्फत त्यांनी साडेबावन्न कोटी डॉलरची सोय केली. त्या यादीत कॅप्टन अमेरिका होता, अ‍ॅव्हेंजर्स होते, पण त्यांच्याच शेजारी अँट-मॅन, डॉक्टर स्ट्रेंज, शांग-ची, ब्लॅक पँथर, पॉवर पॅक, क्लोक आणि डॅगर. तुम्ही कर्ज देणारे असता तर पॉवर पॅकवर किती दिलं असतं? आणि त्याच यादीतल्या ब्लॅक पँथरने २०१८ साली एकशे तीस कोटी डॉलरहून जास्त कमावले. तारण ठेवताना त्याची ही किंमत कुणाच्या वहीत नव्हती, कारण ती तोवर अस्तित्वातच नव्हती. ती चित्रपटाने निर्माण केली. आयर्न मॅन तर त्या पहिल्या दहांत नव्हताच. त्याचे हक्क दुसऱ्या कंपनीकडून परत मिळाले. २००८ साली त्याचा चित्रपट आला, साडेअठ्ठावन्न कोटी डॉलरचा गल्ला झाला, आणि आज कुणी म्हणणार नाही की आयर्न मॅन अल्पपरिचित होता. पण होता. कॉमिक्स न वाचणाऱ्या माणसाला तेव्हा ते नाव ओळखता आलं नसतं. यशानंतर आपण मागे जाऊन प्रसिद्धी चिकटवतो.

आता 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'. २०१४. या चित्रपटावर मी जरा थांबणार आहे, कारण तो मला मनापासून आवडतो आणि का आवडतो हे मला बराच काळ नीट सांगता येत नव्हतं.

साहित्य काय होतं ते बघा. १९६९ साली याच नावाचा एक वेगळाच गट होता, एकतिसाव्या शतकातला. चित्रपटात आहे तो संच २००८ साली डॅन ॲबनेट आणि अँडी लॅनिंग यांनी जुन्या पात्रांतून जुळवला. त्यातलं बोलणारं रॅकून १९७६ चं. झाड, म्हणजे ग्रूट, १९६० चा. आणि तेव्हा तो पृथ्वीवर चाल करून आलेला, लांबलचक भाषणं देणारा राक्षस होता. आमच्या काही निवृत्त सहकाऱ्यांसारखा. (हशा) पुढे त्याचं बोलणं तीन शब्दांवर आलं. असं हे अडगळीचं सामान. रॅकून आणि झाड यांच्यावर कुणी मोठा चित्रपट काढेल असं म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

जेम्स गनने सुरुवात कशी केली? अंतराळ नाही, युद्ध नाही. १९८८, रुग्णालयातली एक खोली, कर्करोगाने मरणारी आई, कानाला वॉकमन लावून बसलेला मुलगा. आई म्हणते हात दे. मुलगा घाबरतो, तोंड फिरवतो, आणि ती जाते. मग कथा आकाशगंगेत जाते, मारामाऱ्या, विनोद, गाणी. पण ती कॅसेट नायकाजवळ असते, आणि आपल्याला कळतं की हा पस्तिशीचा माणूस एका न दिलेल्या हाताभोवती जगतो आहे. शेवटी एक विनाशक शक्ती त्याने मुठीत धरलेली असते, तो मरायला टेकलेला असतो, आणि एक मैत्रीण म्हणते, हात दे. तिच्या जागी क्षणभर आई दिसते. हा हात मात्र तो धरतो.

शूद्रकाने चोरीच्या प्रसंगातून जे केलं तेच इथे त्या हाताने केलं. पाच मिनिटांत ओळख झाली, पूर्वपरिचयाची गरज संपली. आणि दुसरं, ग्रूट. शेवटच्या आपत्तीत तो आपल्या फांद्यांचं घरटं करून सगळ्यांना वाचवतो आणि स्वतः मोडून पडतो. तेव्हा त्याच्या त्या तीन शब्दांतलं एकवचन अनेकवचन होतं. एक सर्वनाम बदललं फक्त. व्याकरणाच्या एवढ्याशा बदलाने थिएटर रडतं, हे बघून भाषेच्या तत्त्वज्ञानावर आयुष्य घालवलेल्या माणसाला थोडं बरं वाटतं. आणि ग्रूटच्या मरणावर आपला विश्वास बसतो, कारण तो वाचेलच असं आपल्याला कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. बॅटमॅनच्या बाबतीत असं रडता येत नाही.

आता इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सर, हा मार्व्हलचा दहावा चित्रपट होता. लोक गार्डियन्सना नाही, त्या लाल शिक्क्याला बघून आले. नायकाने चित्रपट पेललाच नाही, झेंड्याने नायकाला पेललं. पहिल्या शुक्रवारपुरतं हे खरं असेल. पण मग 'इटर्नल्स'चं काय करायचं? २०२१, तोच शिक्का, मूळ कल्पना जॅक कर्बीची, दिग्दर्शिका क्लोई झाओ, जिला त्याच वर्षी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं होतं. गल्ला चाळीस कोटी डॉलर, खर्चाच्या मानाने निराशाजनक. आणि झेंडा आणि नायिका दोन्ही ओळखीचे असले तरी? 'कॅप्टन मार्व्हल'ने २०१९ साली एकशे दहा कोटींच्या वर मिळवले. तीच अभिनेत्री, तीच व्यक्तिरेखा, २०२३ च्या 'द मार्व्हल्स'ला वीस कोटी. प्रसिद्धी जर बँकेतली ठेव असती तर चार वर्षांत ती वाढायला हवी होती.

'इटर्नल्स'बद्दल दोनच वाक्यं. दहा अनोळखी माणसं एकाच चित्रपटात आणली तर प्रत्येकाला ती 'चोरीची रात्र' मिळत नाही. लग्नात एकामागून एक नातेवाइकांची ओळख करून देतात तसं होतं, आणि आपण फक्त मान हलवतो. त्यातला किंगो मात्र लक्षात राहतो. कॉमिक्समध्ये जपानी सामुराईपटांचा नट असलेला हा माणूस इथे हिंदी सिनेमाचा तारा केलाय, आणि त्याच्या मागे कॅमेरे घेऊन फिरणारा त्याचा सेवक म्हणजे आपले हरीश पटेल. अख्ख्या अमर देवांच्या गर्दीत तो एक मर्त्य माणूसच मला खरा वाटला.

आता मी सुरुवातीला म्हटलं त्या चुकीकडे येतो.

सोनी कंपनीकडे स्पायडर-मॅन आणि त्याच्या भोवतालच्या शेकडो पात्रांचे हक्क आहेत. 'व्हेनम' चालला, २०१८ साली. पंच्याऐंशी कोटी डॉलर. त्यावरून त्यांनी ठरवलं की स्पायडर-मॅन न दाखवता त्याच्या शेजारपाजारच्यांवर चित्रपट काढायचे. 'मॉर्बियस' २०२२, साडेसोळा कोटी. त्याची इंटरनेटवर इतकी थट्टा झाली की कंपनीला वाटलं लोकांना आवडतोय, आणि त्यांनी तो पुन्हा हजारभर पडद्यांवर लावला, पुन्हा पडला. थट्टा आणि प्रेम यांतला फरक न कळणं हाही एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. मग 'मॅडम वेब' २०२४, दहा कोटींच्या आसपास. त्याच वर्षी 'क्रेवन द हंटर', सहा कोटी.

लोक म्हणतात, ही पात्रं अल्पपरिचित होती म्हणून पडली. मला हे पटत नाही. ग्रूट यांच्याहून अनोळखी होता. चूक वेगळी आहे. दीर कोण? नवऱ्याचा भाऊ. आता नवरा वजा करा आणि दिरावर चित्रपट काढा. (हशा) न्यायदर्शनात संबंधाच्या चर्चेत प्रतियोगी म्हणून एक कल्पना आहे: काही गोष्टींचं ज्ञानच दुसऱ्या गोष्टीच्या आधाराने होतं, ती दुसरी काढून घेतली की पहिलीला अर्थ उरत नाही. क्रेवन हा तसा आहे. १९६४ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी त्याला आणलं तो स्पायडर-मॅनचा शिकारी म्हणून. १९८७ साली जे. एम. डीमॅटिस आणि माइक झेक यांनी त्याची जी शेवटची शिकार रंगवली, ती या प्रकारातल्या थोर कथांपैकी एक आहे. तो स्पायडर-मॅनला हरवतो, जमिनीत पुरतो, त्याचा पोशाख स्वतः घालून शहरात फिरतो, आपण त्याच्याहून श्रेष्ठ आहोत हे स्वतःला सिद्ध करतो, आणि मग आयुष्यात करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून जीव देतो. ज्याला आयुष्यभर शत्रू मानलं तोच आपला अर्थ होता, हे त्याला कळून चुकलेलं असतं. चित्रपटात तो शत्रूच नाही. मग उरतो गुन्हेगारांना मारणारा एक पिळदार अंगाचा माणूस. असे बाजारात पुष्कळ आहेत.

तुम्ही म्हणाल, 'जोकर'चं काय? बॅटमॅनशिवाय १०० कोटी डॉलर. बरोबर आहे. पण त्या चित्रपटाने जोकरला नवा प्रतियोगी दिला: ते शहर. कचऱ्याचा संप, बंद होणारी समुपदेशनाची सोय, टीव्हीवर हसणारा सूत्रसंचालक. एक संबंध काढला तेव्हा दुसरा तितकाच घट्ट संबंध बांधला. शिवाय लहान ब्रूस वेन आणि ती गल्ली त्यांनी शेवटी ठेवलीच. म्हणजे नवरा वजा करायला हरकत नाही. दिराला स्वतःचं घर बांधून द्या.

पण 'मॅडम वेब'ची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली, आणि त्यात माझं वयही बोलतंय हे मी लपवत नाही. १९८० साली डेनी ओ'नील आणि जॉन रोमिटा ज्युनिअर यांनी जी मॅडम वेब आणली ती कोण होती? म्हातारी. आंधळी. स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने खुर्चीला खिळलेली, आणि ती खुर्ची कोळ्याच्या जाळ्याच्या आकाराच्या एका यंत्राला जोडलेली, ज्यावर तिचा श्वास चालतो. तिथून ती हलू शकत नाही. पण तिला दूरचं आणि पुढचं दिसतं. जगातला सगळ्यांत चपळ तरुण तिच्याकडे मदत मागायला येतो.

विचार करा. सुपरहीरो या सगळ्या प्रकारात शरीर म्हणजे काय? उडणारं, फेकणारं, फाडणारं. आणि इथे एक बाई आहे जिचं शरीर जवळजवळ पूर्ण थांबलंय आणि जिची शक्ती फक्त जाणण्याची आहे. सांख्य वाचलेल्या माणसाला हसू येईल: पांगळा पुरुष आणि आंधळी प्रकृती, पांगळ्याने वाट दाखवायची आणि आंधळीने चालायचं. इथे आंधळेपण आणि पांगळेपण दोन्ही एकाच बाईत, तरी वाट तीच दाखवते. आणि जिला पुढचं दिसतं तिच्यापुढचा प्रश्न किती भयंकर! जे दिसलं ते टळलं, तर मग दिसलं ते काय होतं? ॲरिस्टॉटलचाच प्रश्न आहे, उद्याच्या समुद्रयुद्धाचा. आणि जे टळणार नसेल, ते माहीत असून ती त्या खुर्चीत कशी बसते?

चित्रपटाने काय केलं? २००३ साल, न्यूयॉर्क, ॲम्ब्युलन्सवर काम करणारी तिशीतली धडधाकट तरुणी. डकोटा जॉन्सन. ती पळते, गाड्या चालवते, तीन मुलींना वाचवते. त्या मुलींचे पोशाख आपल्याला दिसतात ते फक्त भविष्याच्या झलकेत. स्पायडर-मॅनचा जन्म होतो, पण त्याचं नाव घ्यायचीही चोरी. आणि अगदी शेवटी ती आंधळी होते, चाकाच्या खुर्चीत बसते. तिथे चित्रपट संपतो. म्हणजे जिथे ती व्यक्तिरेखा सुरू होते तिथे हे दिवे लावून लोकांना घरी पाठवतात! तिच्यात जे एकमेव होतं, जे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, त्याची यांना लाज वाटली. म्हातारी कोण बघणार, खुर्चीतली बाई कोण बघणार. अहो, २०१७ साली 'लोगन'मध्ये लंगडणारा, जखमा न भरणारा वुल्व्हरिन आणि स्मृतिभ्रंश झालेला प्रोफेसर झेव्हियर लोकांनी बघितलाच ना? डोळ्यांत पाणी आणून बघितला. मग या बाईलाच का वगळलं?

मी उत्तर देतो. तिला निवडलं होतं ती कुणाला तिच्याबद्दल काही सांगायचं होतं म्हणून नाही. तिचे हक्क कपाटात होते म्हणून. नाव जुनं घ्यायचं आणि आतला माणूस नेहमीचा भरायचा. अनोळखी नायक चित्रपट पेलू शकत नाही असं जेव्हा हे लोक म्हणतात तेव्हा त्यांनी बहुधा त्याला पडद्यावर येऊच दिलेलं नसतं.

याच्या उलट 'मिन्नल मुरली' बघा, २०२१ चा मल्याळम चित्रपट, बेसिल जोसेफचा. त्याला मागे कॉमिक्सच नव्हतं. खेड्यातला एक शिंपी, त्याच्यावर वीज पडते. त्याच रात्री गावातल्या आणखी एकावर पडते, आणि तो खलनायक होतो. पण त्याच्या वाट्याला इतकं जुनं, खरं प्रेम दिलंय की आपण कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते कळेनासं होतं. शुद्ध उत्पाद्य वस्तू.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय मी बसणार नाही. या कपाटातल्या पात्रांना कुणीतरी जन्म दिलेला असतो. रॉकेट रॅकून बिल मँट्लो आणि कीथ गिफेन यांनी निर्माण केलं. मँट्लो हा मासिकामागून मासिकं भरून काढणारा मेहनती लेखक. १९९२ साली रोलर स्केट्सवरून जाताना त्याला गाडीने उडवलं. मेंदूला कायमची इजा झाली आणि तेव्हापासून तो परावलंबी झाला. त्याच्या उपचारांसाठी त्याच्या भावाला आणि चाहत्यांना वर्गणी गोळा करावी लागली. २०१४ साली कंपनीने त्याला त्याच्या खोलीत चित्रपट दाखवायची व्यवस्था केली, हे चांगलं केलं. पण त्या काळात या मंडळींचं काम 'मजुरीवर केलेलं' धरलं जाई; पात्र कंपनीचं. ब्लेडचा निर्माता वुल्फमन न्यायालयात गेला, २००० साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. प्रसिद्ध पात्रांच्या निर्मात्यांच्या बाजूने निदान आरडाओरडा होतो. सुपरमॅनच्या सीगल आणि शूस्टरना १९७५ साली वर्तमानपत्रांच्या दबावामुळे वार्षिक मानधन मिळालं. अनोळखी पात्राचा अनोळखी बाप असेल तर ओरडणार कोण? म्हणून जेव्हा आपण विचारतो की हे दुय्यम नायक चित्रपट पेलतील का, तेव्हा मला त्या चित्रपटाच्या शेवटी, सगळे उठून जात असताना, बारीक अक्षरांत सरकणारी नावं आठवतात. 'गार्डियन्स'च्या शेवटी मँट्लोचं नाव आहे. पुढच्या वेळी बसून बघा.

आता तो जिन्यातला तरुण मघापासून काहीतरी विचारायला बघतोय. काय म्हणता? जरा मोठ्याने... मला कुठल्या अल्पपरिचित पात्रावर चित्रपट बघायला आवडेल?

म्हातारी मॅडम वेब. एक खोली, ती खुर्ची, यंत्राचा आवाज. दोन तास. बाहेर काय चाललंय ते फक्त तिच्या चेहऱ्यावर. स्पायडर-मॅनचा खर्च परवडत नसेल तर तो दारामागून बोलला तरी चालेल. आणि भूमिकेसाठी सत्तरीच्या पुढची बाई घ्या, तिशीतल्या मुलीला रंग लावून म्हातारी करू नका.

पुढचा प्रश्न. माइक मागे द्या.